मालकी सुटल्यावर

(रत्नागिरीतील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. मुलाने बरोबर उत्तर दिलं की गुरुजी लगेच विचारायचे, "हे तुला कळलं कशावरून?" आज बोलायला उभं राहण्याआधी हा प्रश्न मी स्वतःला विचारला. मी डॉक्टर नाही, जन्मभर इतिहास शिकवला. पण माझ्या ओटीपोटात उजव्या अंगाला माझ्या थोरल्या बहिणीचं डावं मूत्रपिंड आहे, आणि गेली काही वर्षं ते बिनबोभाट काम करतं आहे. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यातलं अर्धं वाचून कळलेलं आहे, अर्धं भोगून.

व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी विषय दिला तो असा : अवयव-प्रत्यारोपणातून वाचलेल्या माणसाची जगण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते का? बदलते. पण ऐकणाऱ्याला जशी बदललेली हवी असते, तशी नाही. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस शांत झालेला असतो, त्याला बारीकसारीक गोष्टींचा राग येत नाही, तो रोजचा सूर्योदय हात जोडून पाहतो, अशी आपली एक गोड समजूत आहे. माझा राग जिथल्या तिथे आहे. घरचे समोरच बसले आहेत, विचारून घ्या. आणि सूर्योदय मी पाहतो तो सकाळच्या गोळीची वेळ चुकू नये म्हणून.

बदललं ते निराळंच. आपलं शरीर, आपलं आयुष्य आपल्या मालकीचं आहे, ही जन्मापासून धरलेली समजूत सुटली. आजचं सगळं बोलणं एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे.

प्रश्नच नवा आहे

इतिहासाच्या मास्तराला सनावळीशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा थोडं सहन करा.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचं मूत्रपिंड त्याच्या भावाला, रिचर्डला बसवलं. दोघे एकसारखे जुळे, त्यामुळे रिचर्डच्या शरीराने तो अवयव परका मानला नाही. रिचर्डने पुढे त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशीच लग्न केलं, दोन मुली झाल्या, आणि आठ वर्षांनी तो गेला. रोनाल्ड उरलेल्या एका मूत्रपिंडावर २०१० पर्यंत जगला. अवयव देणारा अधू होतो, अशी शंका आजही घराघरांत निघते. तिला हे एक उत्तर आहे.

पण जुळा भाऊ प्रत्येकाला कुठून मिळणार? ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांना दुसऱ्याचं हृदय बसवलं. जगभर गाजावाजा झाला. वॉशकान्स्की १८ दिवस जगले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, आपल्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केलं. गिरणगावात माणूस असलेल्या प्रत्येक कोकणी घराने केव्हा ना केव्हा ज्या केईएमची पायरी चढली, तेच हे परळचं केईएम. रुग्ण काही तासांतच दगावला. त्याआधी १९६५ मध्ये सेन यांनी तिथेच मृत व्यक्तीचं मूत्रपिंड बसवून पाहिलं होतं, तोही रुग्ण वाचला नव्हता. प्रत्यारोपणाने माणसाची दृष्टी बदलते का, असं विचारायला त्या काळी बहुधा माणूसच शिल्लक राहत नसे.

अडचण शस्त्रक्रियेची नव्हती. टाके उत्तम पडत होते. अडचण होती ती शरीराच्या प्रतिकारशक्तीची. तिचं कामच परक्याला हुसकावून लावण्याचं, आणि जीव वाचवायला आलेला अवयवही तिच्या लेखी परकाच. यावरचा उपाय मातीत मिळाला. नॉर्वेतल्या हार्डान्गरविडा पठारावरच्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हाती आलं. १९७८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी ते प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिलं, १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस सापडलं. मी आज सकाळी जी गोळी घेऊन आलो ती हीच.

आपल्या देशात १९९४ हे महत्त्वाचं वर्ष. त्या वर्षी मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. हा कायदा संसदेने करावा असा ठराव ज्या राज्यांनी केला होता त्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता. या कायद्याने मेंदूचा मृत्यू हा मृत्यू मानला आणि अवयवांच्या विक्रीला गुन्हा ठरवलं. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र सेन यांच्या प्रयत्नानंतर ४७ वर्षं थांबावं लागलं. २०१५ च्या ३ ऑगस्टलाच पुण्याहून विमानाने आलेलं हृदय मुलुंडला डॉ. अन्वय मुळे यांनी बदलापूरच्या एका तरुणाला बसवलं, आणि ते चाललं.

म्हणजे दुसऱ्याचा अवयव घेऊन वर्षानुवर्षं जगणं, नोकरी करणं, मुलांची लग्नं लावणं हा अनुभव मानवजातीला जेमतेम सत्तर वर्षांचा आहे. संतांनी, शास्त्रकारांनी, नाटककारांनी माणसाच्या बहुतेक अवस्थांवर लिहून ठेवलं. या अवस्थेवर त्यांनी लिहिलेलं नाही, कारण ती नव्हतीच.

शहाळं आणि हापूस

आधीची अवस्था सांगितल्याशिवाय नंतरची कळणार नाही. मूत्रपिंडं निकामी झाली की आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, डायलिसिसच्या यंत्राला स्वतःला जोडून घ्यावं लागतं. हातात शीर आणि रोहिणी जोडून केलेला फिस्टुला असतो, त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून पथ्य. आणि ते पथ्य रत्नागिरीच्या माणसाला मुद्दाम छळायला केल्यासारखं आहे : शहाळं नाही, केळं नाही, फणसाचे गरे नाहीत, हापूसची फार तर एखादी फोड. मे महिन्यात घरात आंब्याच्या पेट्या, माजघरभर वास, आणि आपण कोरड्या तोंडाने बसलेले. पाणीही मोजून. घोट तोंडात घोळवून ठेवायचा आणि हळूच गिळायचा. तहान काय असते ते मला तेव्हा कळलं.

दुर्धर आजारात माणसाला वेळ अपुरा वाटतो असं म्हणतात. माझा अनुभव उलटा. यंत्राशेजारी पडल्यावर वेळ संपता संपत नसे. आटला होता तो भविष्यकाळ. मुंबईला भाचीच्या लग्नाला जायचं तर आधी डायलिसिसचा वार पाहायचा. दोन दिवसांपलीकडचं काही ठरवायचं नाही. असं वर्षभर झालं की मन पुढचं पाहणंच सोडून देतं. आगोटीआधी घर शाकारायचं का, असं बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तुला हवं तसं कर." तो मी राहणारच नाही या हिशेबाने बोलतोय, हे तिला कळलं आणि तिने विषय बदलला.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलो तेव्हा परिचारिका खाटेला लटकवलेल्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत लघवी उतरत होती. तिने दाखवली आणि मला रडू फुटलं. या सभागृहात हा शब्द उच्चारायला संकोच वाटायला हवा, मला वाटत नाही. ज्याला दिवसाकाठी ती चमचाभरही होत नव्हती, त्याला विचारा. मग डॉक्टर म्हणाले, "आता पाणी भरपूर प्यायचं." तांब्याभर पाणी एका दमात प्यायची परवानगी यापरती श्रीमंती मला माहीत नाही.

आणि पुढचं वर्ष परत आलं. प्रत्यारोपणानंतर पहिली परत येते ती ही गोष्ट. घरी आल्यावर मी परसात हापूसची कलमं लावायला घेतली. पाच-सहा वर्षांनी धरतील अशी झाडं लावताना हात थरथरला नाही, तेव्हा मला कळलं की मी बरा झालो.

शरीराचा होकार नसतो

कलमाचं नाव काढलं म्हणजे रत्नागिरीत पुढची उपमा कुणाला सुचवावी लागत नाही. प्रत्यारोपण म्हणजे माणसाचं कलमच की, असं मला बागायतदार मित्रांनी किती तरी वेळा ऐकवलं आहे. उपमा छान आहे, पण अपुरी आहे. हापूसचं कलम एकदा जुळलं की जुळलं. खुंट आणि फांदी मग भांडत नाहीत. माणसाचं तसं नाही. माझं शरीर ताईचं मूत्रपिंड आजही परकंच मानतं. रोज सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने, गोळी घेऊन मी त्याच्या विरोधाला गप्प बसवतो. गोळ्या थांबवल्या तर ते आपल्याच जिवावर उठेल.

फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ-ल्यूक नान्सी यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्याचं हृदय बसवलं गेलं. पुढे त्यांनी त्या अनुभवावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ 'घुसखोर'. पुस्तकात ते विचारतात, घुसखोर नेमका कोण? नवं हृदय, की ज्याने दगा दिला ते माझं जुनं हृदय? औषधांमुळे दबलेली प्रतिकारशक्ती, त्यातून पुढे उद्भवलेला कर्करोग, यांतलं 'मी' कुठलं? वाचताना मला माझी जुनी मूत्रपिंडं आठवली. प्रत्यारोपण करताना ती बहुधा काढत नाहीत, सुकून गेलेली आत राहतात. म्हणजे माझ्या पोटात आज तीन आहेत. माझी म्हणावी अशी दोन कामाची नाहीत, आणि जे काम करतं ते माझं नाही.

शेजारीपाजारी हमखास विचारतात : दात्याचा स्वभाव उतरतो का? ताईसारखं तिखट खावंसं वाटतं का? व्हिएन्नामधल्या संशोधकांनी हृदय-प्रत्यारोपण झालेल्या ४७ जणांना असंच विचारलं होतं. त्यांचा निबंध १९९२ चा. ७९ टक्क्यांनी सांगितलं, स्वभाव बदलला नाही. १५ टक्के म्हणाले, बदलला, पण तो मरता मरता वाचल्यामुळे. नव्या हृदयामुळे बदलला असं म्हणणारे ६ टक्के, म्हणजे तिघेच. अवयवाबरोबर स्वभाव येत नाही. येते ती जबाबदारी.

ती फार साध्या गोष्टींतून येते. गर्दीत मास्क. कच्ची कालवं नाहीत, उघड्यावरचं पाणी नाही. पावसाळ्यात चिखलात उतरायचं तर बूट घालून, कारण कोकणात लेप्टोस्पायरोसिस आहे आणि आमची प्रतिकारशक्ती आम्हीच बांधून ठेवलेली आहे. परसातलं पपनस सोलून कुणी पुढे केलं तरी नको म्हणायचं, कारण त्याने टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. गणपतीत पाच घरी आरतीला जायचं, पण कुणी खोकत असेल तर उंबऱ्यावरून नमस्कार करून निघायचं. लोकांना हे जाच वाटतं. मलाही सुरुवातीला वाटे. मग ध्यानात आलं, की माझ्या स्वतःच्या मूत्रपिंडांची मी कधीच काळजी घेतली नव्हती. वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला होता, गोळी आठवली तर घेत होतो. माझं होतं, म्हणून हवं तसं वापरलं. हे दुसऱ्याचं आहे, म्हणून सांभाळतो. शिस्त भीतीतून आली नाही, मालकी सुटल्यामुळे आली.

ताईचं काय?

ताई लांज्याजवळच्या गावात दिलेली. तिने मूत्रपिंड द्यायचं ठरवलं तेव्हा मी आठवडाभर नाही म्हणत राहिलो. ती म्हणाली, "अरे मेल्या, दोन आहेत म्हणून एक देत्येय. त्याचं देऊळ बांधू नकोस." शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या भाऊबीजेला ओवाळणी काय घालावी याचा मला घोर पडला. भारीतली साडी आणली. रंग आवडला नाही म्हणून तिने ती दुकानात जाऊन बदलून आणली. तेव्हा कळलं, की तिच्या लेखी आमच्यात काहीच बदललेलं नव्हतं. बदललो होतो तो मी एकटा. तिच्याशी भांडायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं, आणि भाऊ भांडत नाही याचाच तिला राग येत होता.

रेनी फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या अमेरिकी अभ्यासक स्त्रियांनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांमध्ये वर्षानुवर्षं वावरून हेच नोंदवलं आहे. ज्या दानाची परतफेड होऊच शकत नाही, ते घेणाऱ्यावर जुलूम करू लागतं. तो दबून जातो, देणाऱ्याला टाळू लागतो, नाही तर त्याचं ऐकतच राहतो. नाती अशाने बिघडतात. त्याआधी १९२५ मध्ये मार्सेल मोस यांनी भेटवस्तूंवरच्या निबंधात दाखवलं होतं, की कुठल्याही समाजात देणं फुकट नसतं, ते परतफेड मागतं. मग मूत्रपिंडाची परतफेड कशाने करायची?

मला उत्तर सापडलं ते आपल्याच परंपरेत. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं घेऊन माणूस जन्मतो असं आपल्याकडे मानतात. ती फेडायची रीत पाहा. ऋषींचं ऋण ऋषींना परत करायचं नसतं, आपण शिकून दुसऱ्याला शिकवायचं असतं. आईबापांचं ऋण पुढची पिढी वाढवून फेडायचं असतं. आलेलं मागे न्यायचं नाही, पुढे द्यायचं. हे उमगल्यावर मी ताईशी पुन्हा भांडायला लागलो, आणि तिला बरं वाटलं. तिची वार्षिक तपासणी, रक्तदाब, मूत्रपिंडाचं काम सांगणारी क्रिएटिनिनची चाचणी मात्र चुकू देत नाही. त्यावरूनही भांडणच होतं.

पण इथे एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. केंद्रीय अवयव-प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या, आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांवर झाली आणि ६,९४५ स्त्रियांवर. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. घेणारा बहुतेक वेळा कमावता पुरुष. मी याच हिशेबातला एक आहे. ताईला मूत्रपिंड लागलं असतं तर मी दिलं असतं का? दिलं असतं, असं मी म्हणेन. पण तिला ते लागतंय हे इतक्या लवकर कुणाच्या ध्यानात आलं असतं का, आणि तिला मुंबईला न्यायला कुणाला सवड झाली असती का, याची मला खात्री नाही. दृष्टी बदलते म्हणजे अशा ठिकाणी बदलली पाहिजे. घरातल्या बाईच्या सुजलेल्या पायांकडे पहिल्यांदा पाहिलं गेलं पाहिजे.

ज्याचं नाव कळत नाही तो दाता

मला दाता ठाऊक आहे. मृत दात्याचा अवयव मिळालेल्यांचं जगणं याहून अवघड. दात्याची आणि घेणाऱ्याची ओळख एकमेकांपासून गुप्त ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. पण मग कृतज्ञता पाठवायला पत्ता उरत नाही.

प्रतीक्षायादीत नाव असताना मनाची काय गत होते, ते डायलिसिसला माझ्या शेजारी असणाऱ्या एका तरुणाने सांगितलं होतं. तो म्हणाला, "सर, गणपतीच्या दिवसांत महामार्गावर गाड्यांची रीघ लागली की वाटतं, आता आपल्याला फोन येईल. आणि मग स्वतःचीच किळस येते." मी त्याला म्हणालो, तुझ्या वाट पाहण्याने कुणी मरत नाही. मरण तुझ्यामुळे येत नाही, ते आल्यावर त्यातलं काही वाया जाऊ नये एवढंच तू मागतोस. त्याचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही.

यादीपुढे सत्ताही चालत नाही. राज्याचे दोनदा मुख्यमंत्री राहिलेले विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत यकृत-प्रत्यारोपण होण्याआधीच गेले. कुणाच्या तरी घरच्यांनी, त्यांच्या सर्वांत वाईट रात्री, 'हो' म्हणावं लागतं. दुसरा मार्ग नाही.

तसं 'हो' म्हटल्याने काय होतं ते पाहा. पुण्याच्या एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात २०१६ मध्ये बसच्या अपघातात गेले. २०१७ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात तिला केरळातल्या एका तरुणाचे हात बसवण्यात आले. तोही अपघातातच गेला होता. पुढे त्या हातांचा रंग तिच्या वर्णाला जुळत गेला, बोटं निमुळती झाली. हे पहिल्यांदा तिच्या आईच्या नजरेला आलं. त्या हातांनी तिने परीक्षेचे पेपर लिहिले. पुण्यातच २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने एका तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं. २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. आई ज्या गर्भाशयात वाढली, त्यातच लेकही वाढली. माझं शरीर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, या प्रश्नाचं उत्तर आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

या विषयावरच्या सभांतून गजाननाच्या मस्तकाची गोष्ट सांगतात. देवावर माझी श्रद्धा आहे, पण अवयवदानाचा दाखला म्हणून मला दधीची जवळचे वाटतात. हत्तीला कुणी विचारलं नव्हतं. दधीचींकडे देव मागायला गेले, त्यांनी ऐकून घेतलं, विचार केला आणि अस्थी दिल्या. संमती ही दानाची पहिली अट आहे. आपल्या कायद्याचा पायाही तोच आहे.

सगळेच उजळत नाहीत

प्रत्यारोपणाच्या बातम्या रुग्णाला हार घालून घरी पाठवतात आणि संपतात. पुढचंही सांगायला हवं. स्टेरॉइडने तोंड सुजतं, झोप उडते, चिडचिड होते. औषधांमुळे मधुमेह जडतो. मला जडला, म्हणून हापूस परत आला तो निम्माच. दरमहा काही हजारांच्या गोळ्या जन्मभर. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची तरतूद होती. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. तिने अनेकांना शस्त्रक्रियेपर्यंत पोचवलं. पण त्यानंतरची वर्षं घरालाच ओढावी लागतात. तरुण रुग्णांची लग्नं अडतात, नोकऱ्या जातात. आणि अवयव कायमचा नसतो. जिवंत दात्याचं मूत्रपिंड सरासरी पंधरा-वीस वर्षं साथ देतं, मृत दात्याचं त्याहून कमी.

अशा वेळी 'तू लढवय्या आहेस' म्हणून पाठ थोपटली की रुग्णाची पंचाईत होते. त्याला खचायचीही सोय राहत नाही. अवयव मिळूनही उदास असणारे मी पाहिले आहेत, आणि उदास असल्याची त्यांना वर लाज वाटत असते. एवढं मिळूनही आनंदी नाही म्हणजे आपण कृतघ्न, असं ते धरून चालतात. त्यांना उपदेश नको, मानसोपचार हवा, आणि झेपेल असं काम हवं. मला शहाणपण मिळालं असेल तर ते एवढंच, की जगणं राखणीला मिळालेलं आहे. राखणदाराला थकवा येतो, कंटाळा येतो. त्याने राखण सोडायची नसते, इतकंच.

रत्नागिरीने काय करावं?

व्याख्यान ऐकून घरी जाताना हातात काही तरी असावं, असा इथला दंडक आहे. चार गोष्टी सांगतो.

पहिली. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यावीत. घरातल्या बायकांची तपासणी आधी. प्रत्यारोपण टाळणं हे प्रत्यारोपणापेक्षा केव्हाही चांगलं.

दुसरी. नेत्रदानाला मेंदूमृत्यूची किंवा अतिदक्षता विभागाची गरज नसते. घरी, म्हातारपणाने गेलेल्या माणसाचेही डोळे साधारण सहा तासांच्या आत घेता येतात. आपल्या खेडोपाडीही हे जमण्यासारखं आहे.

तिसरी. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या जिल्ह्यातून मुंबई–गोवा महामार्ग जातो. तरुण मुलं डोक्याला मार लागून दगावतात, हे या सभागृहात वेगळं सांगायला नको. काढलेलं हृदय चार-सहा तासच टिकतं, पण मूत्रपिंड चोवीस तासांच्या आसपास तग धरतं, आणि आंबा घाटातून कोल्हापूर तीन-चार तासांवर आहे. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयातही अवयव काढून घेण्याची सोय उभारता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. मेंदूमृत्यू ओळखायचा, नियमाप्रमाणे सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासायचा, आणि नातेवाइकांशी माणुसकीने बोलायचं, याची तयारी जिल्ह्यात व्हावी यासाठी इथल्या जाणत्यांनी पाठपुरावा करावा. २०२३ मध्ये आपल्या १४० कोटींच्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे जेमतेम अकराशे होते. स्पेनमध्ये दर दहा लाखांमागे पंचेचाळीसहून अधिक असतात, आपल्याकडे एकही पुरता नाही.

चौथी आणि शेवटची. नोटोच्या संकेतस्थळावर अवयवदानाचा संकल्प नोंदवता येतो. जरूर नोंदवा. पण खिशातल्या संकल्पाच्या कार्डावर भिस्त ठेवू नका. वेळ येते तेव्हा डॉक्टर विचारतात ते घरच्यांना, आणि समोर छाती हलत असताना, अंग उबदार असताना, घरच्यांना एकट्याने हा निर्णय झेपत नाही. तुमची इच्छा त्यांना आधीच ठाऊक असेल तर त्यांना निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त तुमचा शब्द पाळावा लागतो. म्हणून आज घरी गेल्यावर, जेवायला सगळे बसतील तेव्हा, हा विषय काढा. कुणी तरी म्हणेल, जेवताना कसलं अभद्र बोलताय. तरी बोला. तुम्हाला काय हवं ते स्पष्ट सांगा, आणि त्यांना काय हवं ते विचारा.